पटलावर ठेवलेला ठराव

आमचे आमदार बसून बोलत नसत. बोलायचं असलं की आधी उभं राहायचं, मग ते अंगणातल्या खारींच्या उपद्रवाबद्दल का असेना. फोन वाजला तरी खुर्चीतून उठायचे, टाय सारखा करायचे आणि मगच हॅलो म्हणायचे. वय नव्वदीला टेकलेलं, गुडघे कामातून गेलेले, उठताना हाताशी येईल त्याचा आधार घ्यावा लागायचा, पण उठायचे. बसलेले असले की समजायचं, आता ते ऐकतायत. माझ्या नवऱ्याला, संदीपला, हे कळायला बरेच महिने लागले. तो बिचारा अगत्याने "बसा ना, बसा" म्हणायचा, ते बसायचे आणि एकदम गप्प व्हायचे. मग हा वर येऊन मला विचारायचा, म्हातारा रागावला का गं?

अमेरिकेतल्या प्लेनो शहरात आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आसपास सगळ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आमच्यासारखी व्हिसावर आलेली माणसं, आणि त्यात हे एक जुनं लाकडी घर उरलेलं, मागे पिकानचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, मोठं झाड. घरमालक तरुणपणी दुसऱ्या एका राज्यात वकिली करायचे. तिथून विधानसभेवर निवडून गेले आणि मग पुष्कळ वर्षं निवडून येत राहिले. बायको गेल्यावर मुलीच्या जवळ राहावं म्हणून प्लेनोत आले, तर मुलीला दूर बॉथेलला नोकरी लागली आणि हे इथे एकटे राहिले. ते राज्य कुठलं, हे मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्यांच्यापैकी काही माणसं अजून तिथे आहेत, त्यांना कोणी शोधत जायला नको. हे स्वतः गेल्या वर्षी गेले.

"आमदार" हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांच्या तोंडावर नाही, आपसात. माजी आमदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे काही येतं, कडक इस्त्रीचे कपडे, दारात गाडी, मागेपुढे कार्यकर्ते, त्यातलं इथे काही म्हणता काही नव्हतं. होता फक्त टाय. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायलासुद्धा ते टाय लावून जायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की रस्ता ही सार्वजनिक जागा आहे.

सभागृहातून माणूस निवृत्त झाला होता, सभागृह काही माणसातून निवृत्त झालं नव्हतं. राहायला गेलो त्याच आठवड्यात बेडरूममधला पंखा बंद पडला. खाली जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठले आणि विचारलं, बाईंचा हा प्रस्ताव आहे का? मी म्हटलं, असेल बाई, प्रस्ताव तर प्रस्ताव. मग अनुमोदन कोण देतंय, म्हणाले. मी संदीपकडे बघितलं, तर हा फोनमध्ये डोकं घालून बसलेला. अनुमोदन आलं नाही, म्हणून पंख्याचा विषय संपला. मला वाटलं थट्टा करतायत. कशाची थट्टा! दुसऱ्या दिवशी संदीपने खाली जाऊन रीतसर "आय सेकंड" म्हटलं तेव्हा कुठे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर आले. नव्वदीचा माणूस स्टुलावर चढला आणि आम्ही दोघं खाली जीव मुठीत धरून स्टूल पकडून उभे.

आमची ईरा तेव्हा पहिलीत होती. तिला हा सगळा खेळ वाटायचा आणि ती त्यात पार मुरली. आइस्क्रीमचा प्रस्ताव मांडायची आणि अनुमोदनासाठी आमदारांच्या मांजरीला उचलून आणायची. मांजर म्याव म्हणाली तर ते ग्राह्य धरायचे, नाही म्हणाली तर नाही. तिच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलायचे. पण एकदा याच पोरीवर ते असे काही भडकले की मीच हादरले. ती नुकती पेटी शिकायला लागली होती; त्यांनी तिला काहीतरी वाजवून दाखव म्हटलं आणि ती "नेक्स्ट टाइम" म्हणून पळायला लागली. एवढंच. म्हाताऱ्याचा आवाज चढला, की हे शब्द या घरात वापरायचे नाहीत, करायचं तर आज कर, नाही तर नाही म्हण. ईरा रडत वर आली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी दोन दिवस खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी तेच जिना चढून आले, ईरापुढे उभे राहिले आणि तिची माफी मागितली. कारण मात्र सांगितलं नाही.

दुसरं एक कोडं होतं ते पिकान पायचं, म्हणजे पिकान घालून भाजलेल्या गोड पक्वान्नाचं. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यांच्या नावाने एक खोका यायचा. त्यात घरी केलेला पिकान पाय, वर सुबक बसवलेले दाणे. खोका आला की ते दोन्ही हातांत धरून जिना चढायचे आणि आमच्या स्वयंपाकघरात ठेवून जायचे. मला पिकान चालत नाही, म्हणायचे. मी पहिल्या वर्षी विश्वास ठेवला. पण हाच माणूस मागच्या अंगणात झाडाखाली बसून अख्खा हिवाळा पिकान फोडून खाताना मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, असेल काहीतरी नात्यातलं दुखणं, आपल्याला काय करायचंय. आम्ही आपला तो पाय मिटक्या मारत खायचो. कोण पाठवतं विचारलं तर म्हणाले होते, जुन्या अशिलाची मुलगी.

मग नागपूरहून बाबा आले. माझे बाबा शाळामास्तर होते, आणि राजकारणाचं त्यांना जबर वेड. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की आमच्या घरी सण असायचा. कुठून कुठून खटपट करून ते प्रेक्षक गॅलरीचा पास मिळवायचे, दिवसभर कामकाज बघायचे, आणि रात्री जेवताना आईला कोणत्या मंत्र्याची कशी भंबेरी उडाली ते साग्रसंगीत ऐकवायचे. खाली खरोखरीचे माजी आमदार राहतात हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच सकाळी इस्त्रीचा शर्ट काढला. आम्ही खाली गेलो तर साहेब शिडीवर, छपराच्या पन्हळीतला पालापाचोळा काढतायत, टाय खांद्यावरून मागे टाकलेला. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, हे आमदार? हाताखाली एक माणूस नाही?"

दोघांचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. बाबांचं इंग्रजी वाचण्यापुरतं, आमदारांचं मराठी शून्य, मध्ये मी. रविवारी दुपारी पोर्चवर बसायचे. आमदारांना विधानसभेबद्दल असं कोणी विचारलंच नव्हतं कित्येक वर्षांत. बाबा विचारायचे आणि ते उठून उत्तर द्यायचे, बाबाही मान देण्यासाठी उठायचे, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दोन उभ्या म्हाताऱ्यांमध्ये भाषांतर करत बसायची. वकिली सोडून राजकारणात का गेलात, असं बाबांनी एकदा विचारलं. तर म्हणाले, एका खटल्यासाठी. आम्हीही पुढे ताणलं नाही.

तो रविवार मला लख्ख आठवतो. बाबांची परतीची तारीख जवळ आली होती आणि त्यांनी जणू शेवटचा मोठा प्रश्न राखून ठेवला होता. म्हणाले, "साहेबांना विचार, एवढ्या कारकिर्दीत सभागृहाच्या पटलावर ठेवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?"

मी सरळ इंग्रजी केलं. पटलावर ठेवणं म्हणजे टेबल करणं, त्यात अवघड काय? बाबा विचारतायत, म्हटलं, तुम्ही टेबल केलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती.

आमदार उभे होते. ते खाली बसले. चेहऱ्यावरचा रंगच गेला. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि बसल्या बसल्याच विचारलं, "तुझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं?"

मला काही कळेना. बाबा घाबरले, मी काही वावगं विचारलं का म्हणायला लागले. मी दोन्हीकडून समजवायला गेले तेव्हा हळूहळू घोटाळा उलगडला. आपल्याकडे पटलावर ठेवलं म्हणजे सगळ्यांपुढे मांडलं. अमेरिकेत बरोबर उलटं. इथे टेबल केलं म्हणजे बाजूला सारलं, आणि एकदा बाजूला सारलेलं सहसा कोणी परत उचलत नाही. विरोधात बोलायला नको, वाद नको, गाजावाजा न करता विषय मारायची ती रीत. बाबांनी कौतुकाने विचारलं होतं, तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं. आमदारांना ऐकू आलं होतं, तुम्ही मारलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती.

मी माफी मागितली. भाषेचा गोंधळ आहे, सोडून द्या म्हटलं. पण आता ते सोडणार नव्हते. बसूनच बोलत होते, आणि तेच मला सगळ्यात भीतिदायक वाटत होतं.

त्यांच्या गावाजवळ सरकारी इस्पितळ होतं. तिथल्या बॉयलरवर एक कृष्णवर्णीय माणूस काम करायचा. बॉयलर फुटला आणि तो गेला. चौकशी झाली म्हणे, आणि इस्पितळाने जाहीर केलं की माणूस दारू पिऊन कामावर आला होता, चूक त्याची. त्याची बायको चर्चला जाणारी, नवरा थेंबाला न शिवणारा. ती या तरुण वकिलाकडे आली. गावातला दुसरा एकही वकील तिला दारात उभं करायला तयार नव्हता. नुकसानभरपाईचं ती काही बोललीच नाही. तिला एवढंच हवं होतं, की माझा नवरा प्यायला नव्हता हे कोर्टात कोणीतरी उघड म्हणावं. पोरांना गावात तोंड दाखवता येईना झालं होतं.

आता गंमत बघा. सरकारवर खटला भरायचा तर तेव्हा तिथे सरकारचीच परवानगी लागायची. विधानसभेने ठराव करायचा, की अमुक बाईला आमच्यावर दावा लावायची मुभा आहे. त्यांच्या मतदारसंघाच्या आमदाराने हात झटकले. म्हणून हे स्वतः निवडणुकीला उभे राहिले. प्रचारात रस्ते आणि शाळांबद्दल बोलले, या ठरावाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि निवडून आले. पहिल्याच अधिवेशनात ठराव मांडला. तो चर्चेला येणार त्याच्या आदल्या दिवशी जुन्या मुरब्बी मंडळींनी यांना चहाला बोलावलं. हा ठराव रेटलास तर तुझ्या भागातला एकही रस्ता होणार नाही आणि तू परत इथे दिसणार नाहीस, असं प्रेमाने सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचा ठराव टेबल करावा अशी विनंती केली. सभागृहाने हो म्हटलं आणि पुढचा विषय सुरू झाला. नाव पुकारायलासुद्धा जास्त वेळ लागतो, म्हणाले.

पुढच्या अधिवेशनात परत आणू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. रस्ते झाले. ती बाई हळूहळू विचारायची थांबली आणि मग वारली. तिची मुलगी दर वर्षी पाय पाठवते. त्या घरात सगळे समजतात की राजधानीतल्या बड्या लोकांनी ठराव मारला आणि आपला वकील बिचारा एकटा लढला.

मी हे वाक्यावाक्याने बाबांना मराठीत सांगत होते. किती पिकान पाय खाल्ले होते आम्ही! बाबा म्हणाले, टेबलावर ठेवलेलं परत उचलायची काही तरतूद असेलच ना त्यांच्या नियमात. मी विचारलं. आहे, आमदार म्हणाले. तसा प्रस्ताव करता येतो. मी आयुष्यात कोणाला करताना पाहिला नाही.

त्यानंतर काही दिवस ते दिसलेच नाहीत. पोर्च रिकामा. शनिवारी सकाळी बाबा आमच्या डायनिंग टेबलवर मटार सोलत बसले होते आणि जिन्यावर पावलं वाजली. आमदार दारात उभे राहिले, धाप लागलेली, अंगावर सूट. म्हणाले की त्यांना एक प्रस्ताव मांडायचा आहे. ठेवलेला विषय उचलावा. बाबांनी माझ्या भाषांतराची वाट बघितली नाही. मटाराची शेंग हातात तशीच धरून हात वर केला आणि मराठीत म्हणाले, "अनुमोदन."

बॉथेलच्या मुलीने आमदारांचं लायसन्स कधीच काढून घेतलं होतं, त्यामुळे गाडी मी चालवली. ईराला संदीपकडे ठेवलं. बाबा मागच्या सीटवर स्वेटर घालून, साहेब माझ्या शेजारी. बसलेले असल्यामुळे अख्ख्या प्रवासात एक शब्द बोलले नाहीत. हायवे सुटला, सपाट माळरान लागलं, मधूनमधून तेलाचे पंप आणि गुरं. मला सारखं वाटत होतं की ते आता गाडी वळव म्हणतील. आणि खरं सांगते, त्यांनी म्हटलं असतं तर मी वळवली असती.

पाय पाठवणाऱ्या त्या मुलीला मुलगी म्हणायचं खरं, पण त्याही आता पार पिकलेल्या. शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, ताठ बाई. दार उघडून त्यांनी यांना "काउन्सेलर", म्हणजे वकीलसाहेब, म्हणून हाक मारली, आम्हाला बसवलं, आइस टी दिला, टीव्ही बंद केला. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, टोपी घातलेला, हसरा माणूस. आमदारांना खुर्ची पुढे केली तर ते बसले नाहीत. एवढ्या दुरून एवढ्यासाठी आलो होतो आणि त्यांनी ते दोन वाक्यांत संपवलं. तो ठराव टेबल करायला सांगणारा दुसरा कोणी नव्हता, मी होतो. एवढी वर्षं मी तुमच्यापासून लपवलं.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आई त्या दिवशी गॅलरीत होती. आमच्या लोकांना वर कोपऱ्यात बसवायचे तिथे. ठेवणीतला ड्रेस घालून बसने गेली होती. तिने तुमचा आवाज ऐकला."

आमदारांनी विचारलं, मग दर वर्षी तो पाय?

"आई म्हणाली होती, पाठवत राहा. त्याला कधीतरी यावं लागेल. आमच्याकडे दुसरा वकील नव्हता."

बाबा मला खुणेने विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी एवढंच पुटपुटले, यांच्या आईने तेव्हाच ऐकलं होतं. आमदार क्षमा मागायला लागले, तर बाईंनी हात वर करून थांबवलं. ती आईने द्यायची गोष्ट होती, म्हणाल्या, माझ्याकडे नाही. मग त्यांनी विचारलं, परवानगी मिळाली असती तर कोर्टात काय बोलणार होतात? ते म्हणाले, सगळं पाठ आहे.

"मग बोला. मी ऐकते."

आणि ते बोलले. तसला युक्तिवाद मी कुठल्या कोर्टात ऐकला नाही, ऐकणारही नाही. बॉयलरचा व्हॉल्व्ह कधीपासून चिकटत होता, त्याबद्दल वरच्यांना कोणी सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं, त्या सकाळी त्याच्याबरोबर बसून कोणी न्याहारी केली, पाद्रीसाहेब काय साक्ष देणार होते. एका ठिकाणी ते "मयत" म्हणाले, तेव्हा बाईंनी मध्येच सांगितलं, त्यांचं नाव घ्या. मग त्यांनी प्रत्येक वेळी नाव घेतलं. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर स्वच्छ झाला. बाबांना शब्द कळत नव्हते, पण तेही कधी उठून उभे राहिले ते मला समजलं नाही. शेवटी साहेब म्हणाले की हा माणूस त्या दिवशी पूर्ण शुद्धीत होता, त्याने धोका आधीच सांगितला होता आणि इतरांना बाहेर काढायला तो मागे थांबला म्हणून गेला.

बाईंनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. मग फोन उचलून एक नंबर लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, मोठा भाऊ आहे, वृद्धाश्रमात असतो, हल्ली त्याला फारसं आठवत नाही, शाळेत सगळे त्याला बेवड्याचा पोरगा म्हणायचे म्हणून शाळा सोडून गाव सोडून गेला. पलीकडून एक जाड, थकलेला आवाज कोण, कोण विचारत होता. त्यांनी स्पीकर लावला, आपले वकील आलेत, ऐक म्हणाल्या, आणि फोन आमदारांपुढे धरला.

"तुमचे वडील प्यायलेले नव्हते," आमदार म्हणाले.

पलीकडे काही ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने बोला," बाई म्हणाल्या. "त्याला कमी ऐकू येतं."

ते मोठ्याने बोलले. प्यायलेले नव्हते. थेंबसुद्धा नाही. फोनवरचा म्हातारा म्हणाला, "मग हे आईला सांगा ना. ती कधीची विचारतेय."

बाईंनी फोन स्वतःकडे घेतला, स्पीकर बंद केला आणि त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलल्या.

"सांगते रे. आजच सांगते."